कांदिवलीहून दिल्ली जवळ की मडगाव?

मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी पाच वाजता सुटलेली राजधानी एक्स्प्रेस वीस-बावीस मिनिटांत बोरिवलीला टेकते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठच्या सुमारास नवी दिल्लीत उभी असते. अंतर १,३८४ किलोमीटर, वेळ साधारण साडेपंधरा तास. याच बोरिवली स्थानकातून २९ ऑगस्ट २०२४ रोजी आणखी एका गाडीला हिरवा झेंडा दाखवला गेला : वांद्रे टर्मिनस-मडगाव एक्स्प्रेस. आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि शुक्रवारी. सुरुवातीला जाहीर झालेल्या वेळापत्रकात ती वांद्र्याहून सकाळी ६.५० ला निघून रात्री दहाला मडगावात पोचत होती. अंतर सहाशे किलोमीटरच्या थोडंसं पुढे, वेळ पंधरा तास दहा मिनिटं.

कांदिवलीत लांब पल्ल्याची गाडी थांबत नाही. आम्ही एक स्टेशन पुढे, बोरिवलीला जातो आणि तिथून बाहेरगावची गाडी धरतो. म्हणजे कांदिवलीच्या माणसाने एकाच फलाटाच्या हिशेबाने पाहिलं, तर देशाची राजधानी आणि शेजारचं गोवा ही दोन्ही ठिकाणं त्याच्यापासून जवळजवळ सारखीच लांब आहेत. किलोमीटर दुपटीहून जास्त, तास तेवढेच. हे असं का होतं, याचा नीट माग काढला तर ‘अंतर’ या साध्या वाटणाऱ्या गोष्टीत किती गोष्टी दडलेल्या असतात ते दिसतं. आणि चारकोपपासून ठाकूर व्हिलेजपर्यंत पसरलेल्या हजारो कोकणी घरांसाठी हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. वर्षातून दोन-तीनदा तो अंगावर घ्यावा लागतो.

आधी सरळ रेषेतलं अंतर पाहू. कुठल्याही दोन शहरांची नावं टाकली की संगणक क्षणात एक आकडा देतो. तो कुठला रस्ता मोजत नाही. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेतो, पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोल मानतो आणि त्या गोलाच्या पाठीवरून जाणारी सर्वांत छोटी वाट काढतो. त्यामागचं गणित कागदावरही जमतं. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. हे अंतर विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत फारसं बदलत नाही. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तापासून दूर जावं तसा आखडत जातो, कारण सगळ्या रेखांशरेषा ध्रुवाकडे एकत्र येतात. कांदिवली साधारण १९.२ उत्तर अक्षांशावर आहे, तिथे रेखांशाचा एक अंश १०५ किलोमीटरचा भरतो.

आता मडगाव : १५.३ उत्तर, ७४ पूर्व. कांदिवलीचा रेखांश ७२.८५. म्हणजे दक्षिणेकडे चार अंशांना थोडे कमी, पूर्वेकडे एक अंशाहून थोडं जास्त. दक्षिणेचे सुमारे ४३५ किलोमीटर, पूर्वेचे सुमारे १२०. शाळेतल्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढला की ४५० च्या आसपास उत्तर येतं. एवढ्या अंतरात पृथ्वीच्या गोलाईने फार फरक पडत नाही. हाच हिशेब नवी दिल्लीचा केला तर सुमारे १,१४० किलोमीटर होतात. पक्ष्याच्या वाटेने दिल्ली मडगावच्या अडीचपट लांब आहे.

इथे एक गोष्ट विचारायला हवी : मुंबईपासून म्हणजे नेमकं कुठून? इंग्रजांच्या काळी शहराचे मैलाचे दगड फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलपासून मोजले जात. चर्चगेट हे नावही त्याच चर्चमुळे पडलं. मध्य रेल्वेचे किलोमीटर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुरू होतात, पश्चिम रेल्वेचे चर्चगेटपासून. कांदिवली चर्चगेटपासून ३१ किलोमीटर उत्तरेला. ‘मुंबई ते दिल्ली’ किंवा ‘मुंबई ते गोवा’ म्हणून जे अंतर छापलेलं असतं ते बहुतेक वेळा दक्षिण मुंबईतून मोजलेलं असतं आणि उपनगरातल्या माणसाला त्यात दुरुस्ती करून घ्यावी लागते. दिल्लीला जाणाऱ्या गाडीत कांदिवलीकर जवळपास तीस किलोमीटर पुढे असतो. कोकणात जायचं असेल तर तो दक्षिण मुंबईकरापेक्षा पुढे आहे की मागे, हे नकाशा पाहून सांगताच येत नाही.

कारण मध्ये डोंगर आहे. कांदिवली आणि ठाणे ही दोन्ही स्थानकं जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, दोघांमध्ये सरळ अंतर सुमारे १३ किलोमीटर. पण त्या तेरा किलोमीटरांत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आडवा पसरलेला आहे. लोकलने ठाण्याला जायचं तर कांदिवलीहून एकवीस किलोमीटर खाली दादरला उतरायचं, पूल ओलांडून मध्य रेल्वेच्या फलाटावर यायचं आणि तिथून चोवीस-पंचवीस किलोमीटर पुन्हा वर जायचं. तेराचे पंचेचाळीस होतात. रस्त्याने गेलं तर घोडबंदरचा वळसा, नाहीतर जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याची गर्दी. कोकणच्या बहुतेक गाड्या ठाणे-पनवेलमार्गे जातात, म्हणून कांदिवलीकराचा कोकणप्रवास या डोंगराला वळसा घालण्यापासूनच सुरू होतो. हातात दोन सुटकेसा, एक आंब्याची रिकामी पेटी आणि सोबत म्हातारी आई असली की दादरचा तो पूल काय चीज आहे, हे ज्याने ओलांडलाय त्यालाच कळतं.

डोंगर टाळायची दुसरी वाट वसईवरून आहे. पश्चिम रेल्वेवरच्या वसई रोड स्थानकातून एक मार्ग कामण, भिवंडी रोड, दिवा असा पनवेलला जातो. वांद्रे-मडगाव गाडी याच वाटेने जाते. आणि गंमत म्हणजे किलोमीटर मोजले तर ही वाट लांबची नाहीच. कांदिवलीहून दादरमार्गे मडगाव जवळपास सहाशे किलोमीटर, वसईमार्गेही तेवढंच. दक्षिणेला जायचं म्हणून आधी वीस किलोमीटर उत्तरेला जावं लागतं, मनाला हे उलटं वाटतं; पण दादरमार्गे जातानाही आपण खाली जाऊन परत वर येतोच.

मग वेळ कुठे जातो? पहिली ठेच वसईलाच लागते. दिव्याकडे जाणारा मार्ग वसई रोडला अशा अंगाने मिळालेला आहे की गुजरातकडून येणारी गाडी त्यावर सरळ वळते, मुंबईकडून येणारी वळत नाही. तिला स्थानकात थांबून दिशा बदलावी लागते. पुढचं इंजिन सोडवायचं, ते बाजूच्या रुळावरून गाडीच्या दुसऱ्या टोकाला आणायचं किंवा तिथे दुसरं जोडायचं, ब्रेकच्या हवेची तपासणी करायची आणि मग निघायचं. खिडकीशी बसलेल्याला गाडी आल्या वाटेने परत चालल्याचा भास होतो. अर्धवट झोपेतून उठून ‘गाडी परत कशाला चालली?’ असं विचारणारं कुणीतरी डब्यात असतंच. यावरचा उपायही ठरलेला आहे : नायगाव ते जूचंद्र असा सुमारे सहा किलोमीटरचा जोडमार्ग. तो असला की बोरिवलीकडून आलेली गाडी वसईला न जाता नायगावलाच वळून दिव्याच्या मार्गाला लागेल. हे काम मंजूर झालेलं आहे. सहा किलोमीटर रूळ म्हणजे सहाशेचा शंभरावा हिस्सा, पण कांदिवली-बोरिवलीच्या कोकणप्रवासात त्याचं वजन त्या प्रमाणात नाही. आज बोरिवलीहून कोकणात रोजची गाडी का नाही, या प्रश्नाच्या उत्तरातला मोठा भाग या सहा किलोमीटरांत आहे.

पनवेल सोडून गाडी रोह्याला आली की कोकण रेल्वे सुरू होते, आणि इथे अंतराचा आणखी एक प्रकार भेटतो : तिकिटावरचं अंतर. मुंबईहून मडगावला जाणाऱ्या वंदे भारत गाडीचं प्रत्यक्ष अंतर ५८६ किलोमीटर आहे. भाडं मात्र साडेसातशेच्याही पुढच्या किलोमीटरांचं लागतं. कोकण रेल्वेच्या हद्दीतलं अंतर प्रवासी भाड्यासाठी ४० टक्के वाढवून धरायचं, असा नियम सुरुवातीपासून आहे. मालगाड्यांसाठी ५० टक्के. रोहा ते मडगाव सुमारे ४३५ किलोमीटर, त्यावर ४० टक्के म्हणजे पावणेदोनशे. तेवढे न धावलेले किलोमीटर आपण मोजतो. हा मार्ग कर्जरोख्यांच्या पैशातून उभा राहिला. खर्च साडेतीन हजार कोटी रुपयांच्या आसपास गेला आणि तो वसूल व्हावा म्हणून ही वाढ. बांधणीच्या काळात ते समजण्यासारखं होतं. पण संपूर्ण मार्गावर गाड्या धावू लागल्या २६ जानेवारी १९९८ ला. एक पिढी उलटून गेली. आता तरी ही वाढ काढायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

पैशाचं सोडून वेळेकडे येऊ. कोकण रेल्वे हळू धावावी म्हणून बांधलेली नाही. उलट, ई. श्रीधरन यांनी ती ताशी १६० किलोमीटर वेगाचा विचार करून आखली. डोंगराला वेढे घालत जायचं टाळून डोंगर फोडला, दऱ्यांवर पूल टाकले. नव्वदहून जास्त बोगदे आणि लहानमोठे जवळजवळ दोन हजार पूल त्यासाठीच आहेत. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा, पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच. वळणंही मोठ्या त्रिज्येची, चढ सौम्य. सह्याद्रीच्या पायथ्याशी, इतक्या नद्यांच्या मुखांवरून जाणारी वाट असूनही ती सरळ अंतराच्या फक्त तिसऱ्या हिश्श्याने लांब पडते, ही साधी कामगिरी नाही. १९८६ मध्ये रोह्यापर्यंत आलेली रेल्वे पुढे कधी सरकेल, याची वाट पाहण्यात कोकणाने कित्येक वर्षं घालवली होती. मधू दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांनी ती पुढे नेण्यासाठी जो जोर लावला, त्याची आठवण आजही कोकणात निघते.

अडचण रुळांच्या आखणीची नाही, संख्येची आहे. हा मार्ग बहुतेक ठिकाणी एकेरी आहे. रोहा ते वीर एवढ्या ४६-४७ किलोमीटरांचं दुपदरीकरण २०२१ मध्ये पूर्ण झालं. पुढे एकच रूळ, त्यावरूनच जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाड्या. दोन स्थानकांच्या मधल्या रुळावर एका वेळी एकच गाडी असू शकते. समोरून गाडी यायची असेल तर कुणीतरी एकीने स्थानकातल्या बाजूच्या रुळावर थांबायचं, जसं चाळीच्या अरुंद बोळात समोरून हंडा घेऊन बाई आली की आपण कुणाच्या तरी दारात सरकून उभं राहतो. याला कोकणात सगळे ‘क्रॉसिंग’ म्हणतात. फोनवरचं संभाषणही ठरलेलं. ‘गाडी खंय पोचली?’ ‘आडवलीक क्रॉसिंगाक थांबली हा.’

एका क्रॉसिंगला किती वेळ जातो, हे जवळून पाहण्यासारखं आहे. समजा दोन स्थानकांत बारा किलोमीटर अंतर आहे. आपली गाडी पहिल्या स्थानकात आली तेव्हा समोरची गाडी दुसऱ्या स्थानकातून निघाली. ताशी ८० च्या वेगाने तिला आपल्यापर्यंत यायला नऊ मिनिटं लागतील. त्याआधी आपल्या गाडीने वेग उतरवला, सांध्यावरून सावकाश बाजूच्या रुळावर आली, त्यात तीन-चार मिनिटं गेली. समोरची गाडी धडधडत निघून गेली की सिग्नल बदलणार, मग पुन्हा हळूहळू सांधा ओलांडून वेग घ्यायचा. सगळं वेळेवर असताना पंधरा-वीस मिनिटं अशी गेली. समोरची गाडी उशिरा असेल तर तिचा उशीर आपल्या खात्यावर जमा होतो आणि आपण उशिरा झालो की पुढच्या स्थानकात आपली वाट पाहत थांबलेल्या गाडीच्या खात्यावर. एका टोकाला झालेला अर्ध्या तासाचा खोळंबा संध्याकाळपर्यंत दुसऱ्या टोकाला पोचतो तो असा. वाटेत अशी सात-आठ क्रॉसिंगं झाली तर दोन तास गेलेच, आणि त्या दोन तासांत इंजिनाची ताकद, रुळांची आखणी यांचा काहीही उपयोग होत नाही.

कोण थांबणार हेही ठरलेलं असतं. जलद आणि मानाच्या गाडीला वाट मोकळी मिळते, बाकीच्या बाजूला. जून २०२३ मध्ये सुरू झालेली वंदे भारत पावसाळा सोडून पहाटे ५.२५ ला मुंबईहून निघते आणि दुपारी १.१० ला मडगावात पोचते. पावणेआठ तास, सरासरी ताशी ७५ किलोमीटर. त्याच रुळांवरून जाणाऱ्या वांद्रे-मडगाव गाडीची सरासरी चाळीसच्या आसपास पडते. वंदे भारतची वेळ कमी झाली त्यातला काही भाग इतर गाड्यांच्या प्रवाशांनी रुळाच्या कडेला थांबून भरलेला असतो. एकेरी मार्गावर एका गाडीचा वेग वाढवला म्हणून मार्ग वेगवान होत नाही.

दिल्लीच्या वाटेशी तुलना केली की हे स्वच्छ दिसतं. राजधानीची सरासरी ताशी जवळजवळ नव्वद किलोमीटर आहे. तिचा वरचा वेग १३० आणि कोकण रेल्वेवर १२०. म्हणजे सर्वाधिक वेगात फरक थोडाच. खरा फरक असा की मुंबई-दिल्ली मार्गावर जायचा आणि यायचा रूळ वेगळा आहे आणि राजधानी सुरत, वडोदरा, रतलाम, कोटा अशी मोजकी ठिकाणं घेत जाते. समोरून कोण येतंय याची तिला पर्वा नाही. मुंबईची राजधानी १७ मे १९७२ ला सुरू झाली, त्याआधीपासून आणि त्यानंतरही या मार्गावर सतत पैसा आणि बुद्धी खर्च होत राहिली. दिल्ली जवळ आली ती त्यामुळे.

कोकणात आणखी एक वेळापत्रक असतं, पावसाचं. साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक चालतं आणि तेव्हा मडगाव तासा-दोन तासांनी लांब जातं. वंदे भारतलाही दहा तासांच्या आसपास लागतात. अंतर तेच, गाडी तीच. याला कारण डोंगर कापून केलेल्या उंच खिंडी. जांभ्याखालची माती पाणी पिऊन फुगते, वरचा दगड सुटतो आणि थेट रुळावर येतो. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीला गाडी धडकली, पन्नासहून अधिक माणसं गेली. वर्षभराच्या आत, १६ जून २००४ ला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस घसरली. त्यानंतर खिंडींचे उतार सौम्य केले, दगडांवर जाळ्या बसवल्या, पावसाची मोजमापं घेणारी यंत्रं लावली, गस्त वाढवली. मुसळधार पावसात पुढचं नीट दिसेनासं झालं की चालकाने ताशी चाळीसवर यावं, असा दंडक आहे. हातात कंदील आणि पाठीवर इरलं-रेनकोट घेऊन रात्रभर रूळ तपासत चालणारा गस्तीचा माणूस आपल्या दहा तासांत धरलेला असतो. हे दोन तास मला कधीच जास्त वाटले नाहीत. बाकीचा उशीर टाळता येण्यासारखा आहे, हा नाही.

नेमका याच दिवसांत गणपती येतो. कोकणातल्या माणसाला वर्षात एकदाच घरी जायचं असेल तर तो गणपतीला जाणार, आणि गणपती भाद्रपदात, म्हणजे पावसाळी वेळापत्रकात. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडतं (त्याआधी ते १२० दिवस होतं) आणि गणपतीच्या तारखा काही मिनिटांत भरतात. मग उरतो रस्ता. कांदिवली पूर्वेला द्रुतगती महामार्गाच्या कडेला त्या आठवड्यात रात्री आठ-नऊला उभं राहावं : महिंद्रच्या फाटकापासून समतानगरपर्यंत पिशव्या, मखराचे गुंडाळलेले थर्माकोल किंवा हल्ली पुठ्ठे, ढोलकी, झोपाळलेली पोरं आणि प्रत्येक येणाऱ्या बसच्या काचेवरचा कागद वाचणारी माणसं. एसटीही गटाने आरक्षण केलं तर वस्तीजवळून गाडी देते; पन्नासेक माणसं जमवून गावच्या नावाची बस करणारी मंडळं इथे बरीच आहेत.

कांदिवलीहून सावंतवाडी सरळ रेषेत ३८० किलोमीटर, रस्त्याने पाचशेच्या पुढे. मोकळ्या दिवशी अकरा-बारा तास. गणपतीच्या आधल्या दोन रात्रींत त्याचे पंधरा-अठरा होतात, आणि त्यातले दोन-तीन तास पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यापर्यंत पोचण्यातच जातात. पुढे मुंबई-गोवा महामार्ग. त्याच्या चौपदरीकरणाचं काम पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्यापासून २०११ मध्ये सुरू झालं. तेव्हा जन्मलेलं मूल आता माध्यमिक शाळेत आहे. जिथे मनावर घेतलं तिथे काम किती लवकर होतं, याचा दाखला याच रस्त्यावर आहे. महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला, दोन एसटी गाड्यांसह. त्या जागी नवा पूल १६५ दिवसांत बांधून ५ जून २०१७ ला खुला झाला. कशेडी घाटाला पर्याय म्हणून काढलेल्या बोगद्यांनी तर घाटातला अर्ध्या-पाऊण तासाचा फेरा काही मिनिटांवर आणला.

रस्ता आणि रेल्वे यांच्या आधी कोकण समुद्राने जोडलेलं होतं. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत बोट पणजीला जायची. जवळजवळ एक दिवस-रात्र लागायची आणि पावसाळ्यात वाहतूक बंद. १७ जुलै १९४७ ला रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून जास्त माणसं दगावली, तेव्हापासून पावसातल्या समुद्राची धास्ती कोकणी घरांत खोल बसली. त्या चोवीस तासांच्या मानाने आजचे बारा तास निम्मे आहेत हे खरं, पण मधल्या काळात दिल्ली, बंगळुरू, चेन्नई ज्या प्रमाणात जवळ आली त्या प्रमाणात वेंगुर्ला आलेलं नाही.

विमानाचं थोडक्यात. मुंबई-दिल्ली सव्वादोन तास, मुंबई-गोवा सव्वा तास. अंतर अडीचपटीहून जास्त, वेळ दुपटीहून कमी, कारण धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं आणि उतरण्यासाठी घिरट्या घालणं हे दोन्हीकडे तेवढंच. सावंतवाडी, दोडामार्ग, बांदा या भागाला ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झालेला मोपाचा विमानतळ सोयीचा पडतो. पण चार माणसांचं कुटुंब, गणपतीचं सामान आणि त्या आठवड्यातले तिकिटाचे दर हे गणित फार थोड्या घरांना जुळतं.

आज कांदिवलीहून कोकणात निघणाऱ्याने घड्याळाप्रमाणे निवड करावी. एकटा, हातात एक बॅग, पावसाळा नाही : पहाटेच्या पहिल्या लोकलींपैकी एक पकडून दादर आणि तिथून ५.३० नंतरची वंदे भारत. घरापासून मडगावपर्यंत नऊ तासांच्या आत. रात्रीचा प्रवास सोसणाऱ्याने दादरहून मध्यरात्रीनंतर पाच मिनिटांनी सुटणारी तुतारी एक्स्प्रेस धरावी. २०१७ पर्यंत ती राज्यराणी होती, मग केशवसुतांच्या कवितेचं नाव तिला मिळालं. सावंतवाडीला ती दुपारी बाराच्या पुढे पोचते, पण वाटेतलं जवळपास प्रत्येक मोठं स्थानक घेते, म्हणून खेड-चिपळूणपासून कुडाळपर्यंत सगळ्यांच्या कामाची. म्हातारी माणसं, लहान मुलं आणि जास्त सामान असेल, बुधवार किंवा शुक्रवार जमत असेल, तर बोरिवलीची मडगाव गाडीच बरी. पंधरा तास बसावं लागतं, पण दादरचा पूल ओलांडावा लागत नाही, पहाटे तीनला उठावं लागत नाही. घड्याळातली वेळ आणि अंगावर आलेली वेळ या दोन वेगळ्या असतात, आणि घरातल्या थोरल्यांना दुसरी जास्त कळते.

पुढच्या काही वर्षांत यातलं काय बदलेल? राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून बोरिवली-ठाणे असा सुमारे बारा किलोमीटरचा रस्ता होतो आहे, त्यातला सव्वादहा किलोमीटर जुळ्या बोगद्यात. १३ जुलै २०२४ ला त्याची पायाभरणी झाली. तो झाला की कांदिवलीहून ठाण्याची गाडी पकडणं हा तास-दीड तासाचा प्रश्न राहणार नाही, आणि कोकणची जवळजवळ सगळीच रेल्वे कांदिवलीकराच्या आवाक्यात येईल. नायगाव-जूचंद्र जोडमार्ग झाला की बोरिवलीहून रोजची गाडी मागायला वेळापत्रकाची अडचण पुढे करता येणार नाही. उरतो वीरच्या पुढचा एकेरी रूळ. त्याला लागणारा पैसा कोकण रेल्वे महामंडळाला स्वतःच्या बळावर उभा करणं अवघड जातं, म्हणून ते भारतीय रेल्वेत विलीन करावं अशी मागणी वाढत गेली. महामंडळात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळचा प्रत्येकी ६. गोवा, कर्नाटक आणि केरळ यांच्या पाठोपाठ मे २०२५ मध्ये महाराष्ट्रानेही विलीनीकरणाला संमती दिली. वीर ते सावंतवाडी आणखी तीनशेहून जास्त किलोमीटर रूळ टाकायचा आहे. पूल आणि बोगदे दुसऱ्यांदा बांधायचे म्हणजे खर्च मोठा आहे, म्हणून तो टप्प्याटप्प्याने व्हावा, आणि पहिला टप्पा जिथे गाड्या सर्वांत जास्त वेळ क्रॉसिंगला उभ्या राहतात तिथे धरावा. ती स्थानकं कुठली हे शोधायला समिती नको. तुतारीतून एकदा जाऊन आलेला कुणीही प्रवासी ती ओळीने सांगेल.